विठ्ठलभाई पटेल: अध्यक्षाच्या खुर्चीतून सरकारला अडवणारा माणूस

ठाकूरद्वार (मूळ धागा)

वल्लभभाईंवर इथे ढिगाने धागे आहेत. त्यांच्या थोरल्या भावावर शोधून एकही सापडला नाही. गिरगावात व्ही. पी. रोड म्हटलं की टॅक्सीवाला बरोबर सोडतो, पण त्यातला 'व्ही' कुणाचा हे विचारलं तर दहातले नऊ जण वल्लभभाई म्हणतील. तो रस्ता विठ्ठलभाईंचा. चौपाटीवर पुतळा आहे तोही त्यांचाच, आणि दिल्लीत खासदारांसाठी बांधलेलं व्ही. पी. हाउससुद्धा.

थोडक्यात ओळख. खेडा जिल्ह्यातलं करमसदचं पाटीदार कुटुंब. दोघे भाऊ जिल्ह्याच्या कोर्टांत वकिली करणारे, गोध्रा-बोरसदकडे. विलायतेचा किस्सा बऱ्याच जणांनी ऐकला असेल. वल्लभभाईंनी पै पै साठवून बॅरिस्टरीची तयारी केली, १९०५ मध्ये प्रवास कंपनीचं पत्र आलं ते 'व्ही. जे. पटेल' या नावाने, आणि पडलं थोरल्याच्या हातात. दोघांची आद्याक्षरं एकच. विठ्ठलभाई म्हणाले, मी मोठा, आधी मी जातो. धाकट्याने मान डोलावली, वर खर्चही उचलला. १९०८ मध्ये विठ्ठलभाई बॅरिस्टर होऊन आले आणि मुंबईत वकिली सुरू केली. पुढे दोघांत ठरलं की एकाने देशकार्य करायचं, दुसऱ्याने घर चालवायचं. त्या वाटणीत घर वल्लभभाईंकडे आलं होतं! पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

मुंबईच्या कायदेकौन्सिलात गेल्यावर त्यांनी हात घातला तो प्राथमिक शिक्षणाला. गोखल्यांचं सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक मध्यवर्ती कायदेकौन्सिलात मार्च १९१२ मध्ये १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं होतं. सरकार म्हणायचं पैसा नाही, जमीनदार म्हणायचे शेतावर पोरं कुठून आणायची. विठ्ठलभाईंनी मागणीच लहान केली. अख्ख्या देशाला सक्ती नको, प्रांतालाही नको. ज्या नगरपालिकेला आपल्या हद्दीत सक्ती लागू करायची आहे तिला फक्त तसा अधिकार द्या. हे १९१८ मध्ये पास झालं. ब्रिटिश हिंदुस्थानातला सक्तीच्या शिक्षणाचा हा पहिला कायदा. संस्थानांत बडोदा आणि कोल्हापूर आधीच पुढे होते, ते वेगळं. सगळ्या आयुष्यभर त्यांची पद्धत हीच राहिली: समोरच्याला 'नाही' म्हणायला जागाच उरणार नाही असा मसुदा करायचा.

असहकार पुकारल्यावर गांधींनी कौन्सिलवर बहिष्कार घातला तो त्यांना कधी पटला नाही. १९२२ मध्ये काँग्रेसने सहा जणांची चौकशी समिती नेमली, त्यात कौन्सिलप्रवेशावर बरोबर तीन-तीन फूट पडली. हकीम अजमल खान, मोतीलाल नेहरू आणि विठ्ठलभाई आत जाण्याच्या बाजूने, राजाजी, अन्सारी आणि कस्तुरीरंग अय्यंगार विरुद्ध. त्यातून १९२३ मध्ये स्वराज पक्ष निघाला. कौन्सिलात शिरायचं ते सरकार चालवायला नाही, अडवायला.

आणि मग २२ ऑगस्ट १९२५, सिमला. मध्यवर्ती विधानसभेचे पहिले अध्यक्ष सर फ्रेडरिक व्हाइट सरकारने नेमलेले होते, त्यांची मुदत संपली. आता सभासदांनी आपला अध्यक्ष निवडायचा होता. विठ्ठलभाई उभे राहिले, समोर मद्रासचे रंगाचारी. विठ्ठलभाई अवघ्या दोन मतांनी निवडून आले. अडवणूक करायला आलेल्या पक्षाचा सगळ्यात खट माणूस, आणि तो सभागृहाच्या खुर्चीत! खुर्चीत बसताच त्यांनी जाहीर केलं की या क्षणापासून मी कुठल्याच पक्षाचा नाही. शिवाय, कामासाठी गरज पडली तर व्हाइसरॉयला दिवसातून दहा वेळा भेटायलाही जाईन असं म्हणाले. स्वराज पक्षातल्याच लोकांच्या भुवया उंचावल्या.

बाकी १९२८-२९ ची खरी गंमत प्रतिसादांत लिहितो, धागा लांबतोय.

शनिवारपेठी

धाग्याबद्दल आभार, पण एक बाजू राहिली. विठ्ठलभाई ऑगस्टमध्ये खुर्चीत बसले ते स्वराज पक्षाला चाललं. ऑक्टोबरमध्ये मध्य प्रांत कौन्सिलचे अध्यक्ष श्री. ब. तांबे यांनी गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळात जागा घेतली, तर मोतीलालजींचा भडका उडाला. न. चिं. केळकर आणि जयकर तेव्हा सरळ विचारत होते की पगारी अध्यक्षपद चालतं तर हे का नाही? मोतीलालजींनी त्यावर 'कुजलेला अवयव' कापून टाकायची भाषा केली. महाराष्ट्राची मंडळी फुटली, मुंजे-केळकर-जयकरांचा प्रतिसहकार पक्ष निघाला. मोतीलालजी स्वतः लष्करी शिक्षणाच्या स्कीन समितीवर बसले ते मात्र तत्त्वात बसत होतं.

वऱ्हाडी_पाव्हणा

तांबे आमच्या अमरावतीचे. पुढे १९२९ मध्ये काही काळ हंगामी गव्हर्नरही झाले. त्या काळात वऱ्हाडातला माणूस गव्हर्नरच्या खुर्चीत बसणं म्हणजे काय अप्रूप होतं ते पुण्या-मुंबईवाल्यांना नाही कळायचं. चालू द्या.

ठाकूरद्वार

@शनिवारपेठी, केळकरांचा प्रश्न बिनतोड होता हे कबूल. पण दोन्ही जागा सारख्या नव्हेत. कार्यकारी मंडळात तांबे गव्हर्नरच्या सरकारचा भाग झाले, त्या सरकारच्या निर्णयांची जबाबदारी त्यांच्यावर आली. अध्यक्षाला सभागृहाने निवडलं होतं, सरकारने नाही, आणि तो सरकारलाच नियम दाखवू शकत होता. खुर्चीची किंमत विठ्ठलभाईंनी ओळखली, मोतीलालजींनी किती ओळखली शंका आहे.

आता १९२६ चा एक प्रसंग. मार्चमध्ये मोतीलालजींच्या मागे सगळे स्वराजिस्ट सभात्याग करून निघून गेले. विठ्ठलभाई खुर्चीतून सरकारला म्हणाले की सभागृहातला सगळ्यात मोठा पक्ष उठून गेलाय, आता वादाची विधेयकं आणू नका, आणलीत तर मला माझ्या अधिकारात सभा तहकूब करावी लागेल. सरकारी बाकांवर खळबळ. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच ती भाषा सौम्य केली. त्यामुळे ते नेहमीच मोजून मापून बोलत असं नाही, कधी कधी घोडं पुढे दामटायचे आणि मग लगाम ओढायचे.

चाळ_नं_तीन

मुद्द्यावर या हो. पब्लिक सेफ्टी बिल. आमच्या गिरणगावाचा संबंध तिथे येतो.

ठाकूरद्वार

येतोच आहे :)

१९२८ चा उन्हाळा. मुंबईतल्या गिरण्या एप्रिलपासून बंद, संप सहा महिने चालला. गिरणी कामगार युनियन त्यातूनच उभी राहिली. सरकारचं मत असं की हे सगळं परदेशी कम्युनिस्ट घडवताहेत. फिलिप स्प्रॅट, बेन ब्रॅडली हे इंग्रज इथे येऊन कामगारांत काम करत होते आणि चालू कायद्याने त्यांना नुसतं उचलून बोटीत बसवता येत नव्हतं. म्हणून सार्वजनिक सुरक्षा विधेयक आणलं: ब्रिटिश हिंदी नसलेल्या कम्युनिस्टाला हद्दपार करण्याचा अधिकार.

सप्टेंबर १९२८, पुन्हा सिमला. मतदान झालं, ६१ विरुद्ध ६१. अध्यक्षाचं निर्णायक मत. विठ्ठलभाईंनी ते विरुद्ध टाकलं आणि कारण दोन वाक्यांत दिलं: इतका असाधारण कायदा ज्याला हवा आहे त्याने सभागृहाचं बहुमत आपल्या बाजूने वळवून दाखवावं, ते जमलं नाही तर अध्यक्षाने आपल्या मताने ते बहुमत करून देऊ नये. हे विलायतेतल्या स्पीकरच्या रिवाजाला धरूनच होतं. समसमान मतं झाली की आहे ते तसंच राहू द्यायचं. सरकारला रिवाज मोडला असं म्हणायचीही सोय राहिली नाही.

जानेवारी १९२९ मध्ये सरकार तेच विधेयक सुधारून परत घेऊन आलं. मधल्या काळात मार्चमध्ये देशभर एका दिवशी धाडी पडल्या आणि तीसेक कामगार पुढारी मेरठच्या खटल्यात गोवले गेले. मुंबईचे डांगे, घाटे, जोगळेकर, निंबकर, मिरजकर, गिरणी युनियनचे अध्यक्ष आळवे, सगळे त्यात. स्प्रॅट आणि ब्रॅडलीसुद्धा.

इथे विठ्ठलभाईंमधला वकील जागा झाला. २ एप्रिलला त्यांनी सरकारला जाहीर सल्ला दिला. विधेयकाचा पाया काय, तर हिंदुस्थानात सरकार उलथवण्याचा कम्युनिस्ट कट आहे. मेरठच्या खटल्याचा पाया काय, तर तोच कट. खटला न्यायप्रविष्ट. म्हणजे विधेयकावर खरी चर्चा करायची तर खटल्यात जे सिद्ध व्हायचं आहे त्यावरच बोलावं लागणार, आणि नियमाप्रमाणे ते बोलता येणार नाही. न बोलता मत घ्या म्हणायचं तर ती चर्चाच नव्हे. तेव्हा एक तर खटला संपेपर्यंत विधेयक थांबवा, नाही तर खटला मागे घ्या आणि विधेयक चालवा.

सरकारने ४ एप्रिलला साफ नकार दिला. अध्यक्षाने निर्णय द्यायचा दिवस आला ८ एप्रिल.

अस्मि

म्हणजे भगतसिंग!! मला वाटायचं बॉम्ब विधेयक पास झालं म्हणून टाकला.

ठाकूरद्वार

दोन विधेयकं होती, त्यांची सरमिसळ होते. ट्रेड डिस्प्यूट्स बिल, म्हणजे संपांवर बंधनं घालणारं, त्या सकाळी मंजूर झालं. निकाल जाहीर झाला आणि विठ्ठलभाई पब्लिक सेफ्टीवरचा आपला निर्णय सांगायला उठले, तेवढ्यात गॅलरीतून बॉम्ब पडले. मग भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्तांनी पत्रकं भिरकावली आणि जागेवरच अटक करून घेतली. अर्थमंत्री सर जॉर्ज शुस्टर यांना किरकोळ इजा झाली, मुंबईचे बोमनजी दलाल जखमी झाले. सायमन कमिशनवाले खुद्द सर जॉन सायमन त्या वेळी अध्यक्षांच्या गॅलरीत बसलेले होते.

तीन दिवसांनी, ११ एप्रिलला, सभा भरली. कोणालाही वाटलं असतं की या धक्क्यानंतर अध्यक्ष माघार घेईल, निदान पुढे ढकलेल. बॉम्ब म्हणजे सरकारच्या हातात आयतं कोलीत होतं. पण त्यांनी शांतपणे ठरलेला निर्णय वाचला: विधेयक नियमबाह्य, सभागृहापुढे येऊ शकत नाही. हे काम सभागृहात बसलेल्या इतर कोणाला जमलं असतं असं मला वाटत नाही.

शनिवारपेठी

आणि पुढे? १२ तारखेला व्हाइसरॉय आयर्विनने दोन्ही सभागृहांपुढे भाषण ठोकलं आणि १३ ला वटहुकूम काढून तेच कलम लागू केलं. नियमही बदलून घेतले, पुन्हा कोणा अध्यक्षाला असं करता येऊ नये म्हणून. मग मिळवलं काय? कायदा झाला तो झालाच.

चाळ_नं_तीन

मिळवलं हे की सगळ्या जगापुढे दिसलं की मतं मागितली तर मिळत नाहीत, म्हणून हुकूम काढावा लागतो. सायमनसाहेब प्रत्यक्ष बसले होते बघायला. मेरठच्या आरोपींना शिक्षा झाल्याच, खटला जवळपास चार वर्षं रेंगाळला. त्यांच्या घरच्यांना वटहुकमाने काय फरक पडला हे विचारू नका. पण सरकारच्या हातातली 'तुमच्याच प्रतिनिधींनी मान्य केलंय' ही पावती त्या एका माणसाने काढून घेतली. माझ्या मते ही लहान गोष्ट नाही.

मध्यमवर्गी

मी थोडा वेगळा विचार मांडतो. अध्यक्षाने विधेयकाच्या गुणदोषात शिरू नये हा तुमच्याच विलायती परंपरेचा नियम आहे ना? सरकारला 'खटला मागे घ्या' म्हणणं हे अध्यक्षाचं काम होतं का? आज एखाद्या अध्यक्षाने आपल्याला न आवडणारं विधेयक असंच तांत्रिक खुसपट काढून रोखलं तर आपण इथे त्याचा उदो उदो करू का? निर्णय आपल्या बाजूचा म्हणून खुर्ची निःपक्षपाती, हे मला पटत नाही.

ठाकूरद्वार

प्रश्न रास्त आहे. ते मनाने निःपक्षपाती होते असं मीही म्हणणार नाही. १९२८ मध्ये बारडोलीचा सत्याग्रह चालू होता, पुढारी धाकटा भाऊ. अध्यक्षपदावर असताना विठ्ठलभाईंनी त्या निधीला महिना हजार रुपये देऊ केले, आणि जाहीर पत्र लिहून. सरकारी गोटात किती जळजळ झाली असेल!

पण दोन गोष्टी. एक, त्या सभागृहात मंत्रिमंडळ सभागृहाला जबाबदार नव्हतं. सरकारला पाडता येत नव्हतं, आणि मतदानात हरलं तरी व्हाइसरॉय आपल्या अधिकारात कायदा करू शकत होता. वेस्टमिन्स्टरचा स्पीकर तटस्थ राहू शकतो, कारण तिथे बहुमताचा राजा असतो. इथे एका बाजूला निवडून आलेले लोक आणि दुसऱ्या बाजूला सरकार नावाची कायमची भिंत. दोन, त्यांनी सभासदांमध्ये पक्षपात केला अशी तक्रार फारशी नव्हती. १९२७ च्या जानेवारीत ते बिनविरोध पुन्हा अध्यक्ष झाले, युरोपियन सभासदांसकट.

शिवाय त्यांनी बांधून ठेवलेलं काम आजही चालतं. विधानसभेचं कार्यालय पूर्वी सरकारच्या खात्याखाली होतं, म्हणजे अध्यक्षाचा सचिव सरकारचा नोकर. त्यांनी भांडून जानेवारी १९२९ मध्ये विधानसभेचं स्वतंत्र खातं करून घेतलं. आज लोकसभा सचिवालय म्हणतो त्याचं मूळ तिथे. बॉम्बनंतर पोलिसांनी गॅलऱ्यांचा ताबा घेऊ पाहिला, तेव्हा सभागृहाच्या आवारात हुकूम अध्यक्षाचा चालेल, पोलिसांचा नाही, या मुद्द्यावर त्यांनी प्रेक्षकांच्या गॅलऱ्याच बंद करून टाकल्या. सरकार नमलं. अध्यक्षाच्या ताब्यातली सुरक्षा यंत्रणा त्यातून आली. मतदानाच्या गोंधळापेक्षा मला ही दोन कामं मोठी वाटतात. त्यावर कोणी बोलत नाही, कारण त्यात बॉम्ब नाही.

कोल्हापुरी_रस्सा

आंतरजातीय विवाहाचं विधेयक कसं विसरलात राव? १९१८ चं 'पटेल बिल'. वेगवेगळ्या जातींतल्या हिंदू स्त्री-पुरुषांचं लग्न कायद्याने वैध मानावं, एवढंच एका ओळीचं म्हणणं. त्या वेळच्या निवाड्यांप्रमाणे असं लग्न बेकायदा ठरायचं, मुलांच्या वारसाहक्काचा खेळखंडोबा. देशभर शास्त्री-पंडितांनी सभा घेतल्या. शाहू महाराजांनी उघड पाठिंबा दिला आणि आपल्या संस्थानात तसा कायदाही करून टाकला. इंग्रजी मुलखात विधेयक लटकलं ते लटकलंच. शेवटी १९४९ मध्ये स्वतंत्र भारताने हिंदू विवाह वैधता कायदा केला. म्हणजे एका ओळीच्या सुधारणेला एकतीस वर्षं.

अस्मि

हे माहीतच नव्हतं. शेवट कसा झाला त्यांचा? आणि सुभाषबाबूंशी कसे जोडले गेले?

ठाकूरद्वार

१९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह पेटला. एप्रिलच्या शेवटी त्यांनी अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. ऑगस्टमध्ये दिल्लीत काँग्रेस कार्यकारिणीच्या लोकांबरोबर अटक, सहा महिन्यांची शिक्षा, तब्येत ढासळल्याने लवकर सुटका. पुढे उपचारासाठी युरोप. तिथेही स्वस्थ बसले नाहीत, अमेरिकाभर भाषणं देत फिरले आणि आणखी खंगले. व्हिएन्नात सुभाषबाबूही उपचारालाच आलेले. मे १९३३ मध्ये गांधींनी सविनय कायदेभंग स्थगित केला तेव्हा दोघांनी मिळून पत्रक काढलं: राजकीय नेते म्हणून गांधी अपयशी ठरले, काँग्रेसची नव्याने बांधणी हवी. दोन आजारी माणसं आणि हे पत्रक! इथे खळबळ माजली.

२२ ऑक्टोबर १९३३ ला जिनीव्हाजवळच्या इस्पितळात ते गेले. शेवटपर्यंत उशाशी सुभाषबाबू होते. पार्थिव बोटीने मुंबईला आलं. टिळकांवर चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले तिथेच यांच्यावरही व्हावेत अशी मागणी होती, सरकारने परवानगी दिली नाही. वल्लभभाई त्या वेळी नाशिकच्या तुरुंगात. अंत्यविधीपुरतं सोडायला सरकार तयार होतं, पण अटी घालून. त्यांनी अटी नाकारल्या आणि तुरुंगातच राहिले.

शनिवारपेठी

मृत्युपत्राचंही लिहा, ते जास्त चवीचं आहे.

ठाकूरद्वार

चवीचं म्हणण्यापेक्षा कडवट. नातेवाइकांची सोय केल्यावर उरलेली रक्कम सुभाषबाबूंना, हिंदुस्थानच्या राजकीय उत्कर्षासाठी, शक्यतो परदेशातल्या प्रचारासाठी खर्च करायला. घरच्यांनी हरकत घेतली. सहीचे साक्षीदार सगळे बंगाली कसे, डॉक्टरची साक्ष का नाही, वगैरे प्रश्न वल्लभभाईंनी काढल्याचं सांगतात. प्रकरण मुंबई हायकोर्टात गेलं. १९३९ मध्ये न्या. वाडियांनी ठरवलं की 'राजकीय उत्कर्ष' हा हेतू इतका मोघम आहे की कायद्याने तो धर्मादाय ट्रस्ट म्हणून टिकत नाही, म्हणून रक्कम वारसांची. अपिलातही तेच कायम झालं. वल्लभभाईंनी त्यातला पैसा स्वतःकडे ठेवला नाही, विठ्ठलभाईंच्या नावाच्या स्मारक निधीला दिला. पण पटेल-बोस संबंध त्यानंतर सुधारले नाहीत, आणि ते वर्ष त्रिपुरी काँग्रेसमधल्या बोस-गांधी संघर्षाचंही होतं हे लक्षात घ्या.

मध्यमवर्गी

म्हणजे सगळ्या सरकारला नियमांत पकडणाऱ्या बॅरिस्टरचं स्वतःचं मृत्युपत्र मोघम शब्दांवर पडलं?

चाळ_नं_तीन

मरणाच्या दारात आणि परक्या देशात. तिथे कसला मसुदा आणि कसलं काय. बाकी @ठाकूरद्वार, मेरठच्या आरोपींवर वेगळा धागा काढा, आळव्यांबद्दल मी लिहीन.